प्राचीन ग्रीक इतिहासात करिअर करायचंय? आधी दगड वाचायला शिका

तुमचा प्रश्न असा होता की इतिहासात बी.ए. झालंय, वय तेवीस, ग्रीक भाषेचं एक अक्षर येत नाही, पण प्राचीन ग्रीसचं वेड आहे आणि पुढे त्यातच प्रोफेसर व्हायचंय. तर ही लाइन नेमकी कशी असते, किती वर्षं जातात, नोकऱ्या मिळतात का, आणि मुळात इतकी शतकं लोक यावर लिहितायत तर आता आपण नवीन काय करणार. मी ब्रिटनमधल्या एका युनिव्हर्सिटीत सव्वीस वर्षं हाच विषय शिकवलाय, माझं स्वतःचं काम अथेन्सच्या शिलालेखांवर. त्यामुळे जे सांगतोय ते जास्त करून ब्रिटनचं आहे, अमेरिका-जर्मनीचं मित्रांकडून ऐकलेलं आणि जाऊन-येऊन पाहिलेलं.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटला की बाकीचं बरंचसं आपोआप कळतं.

अथेन्सच्या एपिग्राफिकल म्युझियममध्ये, म्हणजे शिलालेखांच्या म्युझियममध्ये, एक झिजलेला संगमरवरी दगड आहे. अथेन्सने सिसिलीतल्या एगेस्ता या शहराशी जो तह केला त्याचा ठराव त्यावर कोरलाय. आता अथेन्समध्ये वर्षाला आकडा नसायचा, त्या वर्षी जो मुख्य आर्खोन असेल, म्हणजे वर्षभरासाठी नेमलेला अधिकारी, त्याचं नाव हेच वर्षाचं नाव. आणि या दगडावर नेमकं तेच नाव घासलं गेलंय, शेवटचं 'ओन' तेवढं धड दिसतं. 'ओन'ने संपणारे आर्खोन बघायला गेलं तर हाब्रोन आहे इ.स.पू. ४५८-५७ चा, आरिस्तोन आहे ४५४-५३ चा, आणि अँटिफोन ४१८-१७ चा. पहिल्या आणि शेवटच्या नावात चाळीस वर्षांचं अंतर आहे, म्हणजे एक अख्खी पिढी.

मग ठरवायचं कसं? जुन्या पंडितांकडे एक नियम होता. ग्रीक 'सिग्मा' हे अक्षर जुन्या अथेनियन लिपीत तीन रेघांचं काढायचे, पुढे ते चार रेघांचं झालं, आणि तारीख पक्की माहीत असलेल्या दगडांवर तीन रेघांचा सिग्मा ४४५ च्या आसपास संपतो. एगेस्ताच्या दगडावर सिग्मा तीन रेघांचा, म्हणून दगड जुना, विषय संपला. १९६१ पासून हॅरॉल्ड मॅटिंग्ली नावाच्या ब्रिटिश इतिहासकारांनी म्हणायला सुरुवात केली की हा नियमच घरात घर बांधल्यासारखा आहे, तारीख नसलेले दगड याच नियमाने जुने ठरवायचे आणि मग बघा, नवीन दगडांवर तीन रेघा कुठेच सापडत नाहीत, असं म्हणायचं.

तुम्ही म्हणाल एका रेघेवरून एवढं काय. एवढं असं की अथेन्सने मित्र-शहरांवर जी दादागिरी केली, आमचीच नाणी-वजनं-मापं वापरा, खंडणी अशीच भरा, त्याच्या कित्येक ठरावांची तारीख याच सिग्मावर टांगलेली होती. तीन रेघांचा नियम खरा असेल तर हे सगळं अथेन्सचा गाजलेला नेता पेरिक्लीज याच्या भरभराटीच्या काळात सुरू झालं. खोटा असेल तर यातलं बरंचसं पुढच्या पिढीचं, स्पार्टाशी झालेल्या युद्धाच्या धामधुमीतलं, क्लेऑनसारख्या पुढाऱ्यांच्या काळातलं. म्हणजे अथेन्सचं साम्राज्य कधी आणि कोणी कडक केलं याचं उत्तरच बदलतं. मोठमोठ्या लोकांनी मॅटिंग्लींना उत्तरं दिली, रसेल मेग्ज यांचा १९६६ चा लेख तर वर्षानुवर्षं शेवटचा शब्द मानला जायचा. मॅटिंग्ली मात्र लिहीत राहिले, जवळजवळ एकटेच.

मग १९९० मध्ये चेंबर्स, गालुची आणि स्पानोस या तिघांनी लेझर वापरून त्या दगडाचे फोटो घेतले, ते कॉम्प्युटरवर साफ केले आणि वाचलं: अँटिफोन. म्हणजे ४१८-१७. म्हणजे अथेन्सच्या सिसिलीवरच्या त्या प्रसिद्ध आणि सपशेल फसलेल्या मोहिमेच्या फक्त तीन वर्षं आधीचा तह. त्यावरही भांडणं झाली, दहा-पंधरा वर्षं चालली, पण आज बहुतेक लोक अँटिफोन मानतात, आणि त्यामुळे इतर बऱ्याच दगडांच्या तारखा पुन्हा उघड्यावर आल्या, काहींवर अजून वाद चालू आहे. हे लेझरचं वाचन आलं तोवर मॅटिंग्ली लीड्सच्या प्रोफेसरपदावरून रिटायर झालेले होते.

ही गोष्ट मी दरवर्षी पहिल्या लेक्चरला सांगायचो. पोरांना वाटायचं मी लेझरचं कौतुक करतोय. मला दाखवायचं असायचं की आपल्याकडे पुरावा थोडा आहे, तो सगळ्यांना दिसतो, आणि तरी साठ-सत्तर वर्षं सगळे मिळून तो चुकीचा वाचू शकतात. तेव्हा नवीन काय उरलंय हा प्रश्न तितकासा खरा नाही. उरलंय भरपूर, फक्त ते सोपं नाही.

शिवाय नवीन पुरावा येतच नाही असंही नाही. अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरचा अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावरचा ग्रंथ हरवलेला समजत होते, तो इजिप्तमधल्या पपायरसवर सापडला, तोही कुठल्याशा शेतीच्या हिशेबाच्या गुंडाळ्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेला, आणि ब्रिटिश म्युझियमच्या केनियन यांनी १८९१ मध्ये तो छापला. त्या एका वर्षात आधीची बरीच पुस्तकं जुनी झाली. पण हे फार जुनं उदाहरण वाटत असेल तर अथेन्सच्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजार-चौकात, अमेरिकन लोक १९३१ पासून खणतायत. १९७० मध्ये तिथे इ.स.पू. ३७५-७४ चा एक कायदा सापडला, बाजारात चांदीची नाणी खरी की खोटी हे तपासायला एक सरकारी गुलाम बसवायचा, आणि त्याने काम टाळलं तर पन्नास फटके. १९८६ मध्ये तिथेच धान्यावरच्या कराचा कायदा सापडला, इ.स.पू. ३७४-७३ चा, तो रोनाल्ड स्ट्राउड यांनी १९९८ मध्ये पुस्तकरूपाने छापला. बघा, सापडणं आणि छापणं यात बारा वर्षं. या विषयात घाई करून चालत नाही, आणि दुर्दैवाने तरुण माणसाच्या नोकरीला घाईच हवी असते. ते पुढे सांगतो.

आता भाषा. इथे मी गोड बोलणार नाही. ग्रीक आल्याशिवाय या विषयात पीएचडी होत नाही, म्हणजे कागदावर कुठेतरी होत असेलही, पण नोकरीच्या मुलाखतीत पाच मिनिटांत उघडं पडतं. तेवीस हे वय उशिराचं नाही, माझ्या वर्गात एकोणतिसाव्या वर्षी अल्फा-बीटापासून सुरुवात करून पुढे चांगलं काम केलेले लोक होते, पण रोज दीड-दोन तास, निदान दोन वर्षं, सुट्टी न घेता, एवढं धरूनच चाला. त्यानंतर कुठे झेनोफोनसारखा त्यातल्या त्यात सोपा ग्रीक लेखक बऱ्यापैकी वाचता येतो. थ्युसिडिडीज हा अवघड इतिहासकार तेव्हाही नाही. थ्युसिडिडीजची भाषणं मला आजही एका दमात वाचता येत नाहीत, आणि ज्याला येतात असं तो म्हणतो त्याच्यावर माझा विश्वास नाही.

तुम्ही शाळेत संस्कृत घेतलं असेल तर मात्र तुमच्या हातात एक किल्ली आहे. इंग्रज मुलांना द्विवचन समजावताना घाम फुटतो, तुम्हाला ते पाठ आहे. त्यांना 'मिडल व्हॉइस' म्हणजे काय हे कळायला महिना जातो, तुम्हाला आत्मनेपद म्हटलं की निम्मं काम झालं. तीन लिंगं तर मराठीतच आहेत. 'भरामि'ला ग्रीकमध्ये 'फेरो', आणि भूतकाळात आपण जसा आधी 'अ' लावून 'अभरम्' करतो तसा ते 'ए' लावून 'एफेरोन' करतात. आमच्याकडे एक मुलगी संस्कृत करून आली होती, सहा महिन्यांत ती वर्गाच्या पुढे निघून गेली, फक्त अ‍ॅक्सेंटच्या खुणांवर ती शेवटपर्यंत चिडायची आणि ते रास्तच होतं.

ग्रीकबरोबर लॅटिनही लागतं, कारण बर्लिनहून निघणारा ग्रीक शिलालेखांचा जो मुख्य संग्रह आहे त्यातल्या टिपा लॅटिनमध्ये आहेत, हो, आजच्या काळातही. मग वाचण्यापुरती जर्मन, फ्रेंच आणि इटालियन. बोलता आली नाही तरी चालेल, पण चाळीस पानांचा जर्मन लेख डिक्शनरी घेऊन दोन दिवसांत संपवता आला पाहिजे. आणि आधुनिक ग्रीक, याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग म्युझियमच्या ऑफिसात परवानगीसाठी हात हलवत बसतात.

डिग्रीचा रस्ता साधारण असा. ब्रिटनमध्ये बी.ए.नंतर एक वर्षाची एम.ए. किंवा दोन वर्षांची एम.फिल., आणि मग तीन-चार वर्षांची पीएचडी. तुमच्या बाबतीत दोन वर्षांची मास्टर्स घ्या, कारण एका वर्षात शून्यातून ग्रीक होत नाही. अमेरिकेत पीएचडी लांब असते, सहा-सात वर्षं सहज, पण सुरुवातीची वर्षं कोर्सेस आणि मोठ्या लेखी परीक्षा असतात आणि प्रवेशाच्या वेळीच ग्रीक-लॅटिन बऱ्यापैकी यावं लागतं. ते नसेल अशांसाठी तिथे मधलं एखादं वर्ष फक्त भाषा पक्की करायचे कोर्स असतात, पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत आहे तसा. जर्मनीत पीएचडीनंतर परंपरेने 'हाबिलिटात्सिओन' नावाचा दुसरा, पहिल्यापेक्षा मोठा प्रबंध करायचा असतो, आणि वर सरकारी युनिव्हर्सिटीत ठरावीक मुदतीच्या नोकरीवर राहायला सहा वर्षं पीएचडीच्या आधी आणि सहा नंतर अशी कायद्याची मर्यादा. तोवर कायम नाही झालात तर बहुतेकांना बाहेरच पडावं लागतं. यावर २०२१ मध्ये तिथल्या तरुण संशोधकांनी सोशल मीडियावर 'मी हाना' म्हणून (हाना हे एका सरकारी व्हिडिओतलं पात्र) मोठा गदारोळ केला होता.

सुपरव्हायजर निवडताना युनिव्हर्सिटीच्या नावापेक्षा माणूस बघा. त्या माणसाचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत आणि त्यांचे प्रबंध किती वर्षांत पूर्ण झाले हे विचारा, बिनधास्त विचारा.

आणि विषय लहान घ्या. 'अथेन्सची लोकशाही' हा पीएचडीचा विषय नाही, ते एक गाव आहे. अथेन्स-स्पार्टा सोडून विचार केलात तर अजून चांगलं. कोपनहेगनला मोगेन्स हर्मन हान्सेन यांनी १९९३ ते २००५ एक केंद्र चालवलं, त्यांनी जुन्या ग्रीक जगातल्या शहर-राज्यांची म्हणजे 'पोलिस'ची यादी केली, २००४ मध्ये ती छापली, त्यात १०३५ नोंदी आहेत. १०३५! आणि आपली निम्मी पुस्तकं त्यातल्या दोनांवर. थासोस, खिओस, बिओशियातली गावं, काळ्या समुद्रावरच्या वसाहती, कुठेही हात घाला, तिथे तुमच्याआधी तीन माणसं गेली असतील, तीनशे नाही.

आता माझीच एक फजिती सांगतो, कारण त्यातूनच मी हा धंदा शिकलो. शिलालेखांच्या छापील आवृत्तीत जी अक्षरं दगडावर उरलेली नाहीत पण संपादकाने अंदाजाने भरली आहेत ती चौकोनी कंसात असतात. अथेन्समध्ये बरेचसे लेख चौकटीच्या वहीसारखे कोरायचे, प्रत्येक अक्षर वरच्या अक्षराच्या बरोबर खाली, त्यामुळे किती अक्षरं गेली ते मोजता येतं आणि अंदाज बरा लागतो. पण अंदाज तो अंदाजच. माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाचा सगळा डोलारा एका क्रियापदावर होता. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते पान उघडलं, चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "हे दगडावर आहे का?" मी कंस पाहिलेच नव्हते. पाहिले होते म्हणजे, पण वर्षभर तेच वाक्य वाचून वाचून ते डोळ्यांना दिसेनासे झाले होते. पास केलं त्यांनी, सहा महिन्यांच्या दुरुस्त्या देऊन, आणि ते प्रकरण मी काढून टाकलं. त्यानंतर कुठलंही वाक्य लिहिताना आधी तो प्रश्न कानात वाजतो.

त्याच उन्हाळ्यात मी अथेन्सला जाऊन स्क्वीझ काढायला शिकलो. स्क्वीझ म्हणजे दगड धुऊन त्यावर ओला जाड फिल्टर पेपर बसवायचा आणि ताठ केसांच्या ब्रशने ठोकत जायचं, कागद अक्षरांच्या खाचांत उतरतो, वाळला की अलगद सोलून निघतो आणि दगडाचा उलटा ठसा तुमच्या हातात. ऐकायला सोपं वाटतं. माझा पहिला मधोमध फाटला, दुसऱ्यात बुडबुडे राहिले आणि एका बुडबुड्याला मी थेटा हे अक्षर समजलो. पण एक चांगला स्क्वीझ खिडकीपाशी तिरका धरला की जे फोटोत कधीच दिसणार नाही ते दिसतं. दगडांना हात लावायची परवानगी अशीच कोणालाही मिळत नाही, ती अथेन्समधल्या परदेशी संस्थांमार्फत मागावी लागते, फ्रेंचांची १८४६ पासून आहे, जर्मनांची १८७४, अमेरिकनांची १८८१, ब्रिटिशांची १८८६. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात यातल्या एखाद्या ठिकाणी निदान काही महिने काढाच. तिथल्या लायब्ररीत आणि जेवणाच्या टेबलावर जी ओळख होते ती पुढे वीस वर्षं पुरते.

दगडच पाहिजेत असंही नाही बरं का. नाणी घ्या, खापरं घ्या. अक्रोपोलिसच्या, म्हणजे अथेन्सच्या किल्ल्याच्या टेकडीच्या, उत्तर उतारावर एका विहिरीत थेमिस्टोक्लीजच्या नावाची सुमारे १९० खापरं सापडली, ज्यांवर नाव लिहून लोक पुढाऱ्याला दहा वर्षं हद्दपार करायला मत द्यायचे ती. आणि अक्षर नीट पाहिल्यावर लक्षात आलं की ती सगळी मिळून फक्त चौदा हातांनी लिहिलेली आहेत. म्हणजे कुणीतरी आधीच लिहून गठ्ठा तयार ठेवला होता, वाटायला. अ‍ॅरिस्टॉटल यातलं काही सांगत नाही. लिलियन जेफरी यांनी तर निरनिराळ्या गावांच्या जुन्या लिप्या एकेक अक्षर लावून ठेवल्या, १९६१ चं पुस्तक, ते अजून रोज उघडावं लागतं. माझ्या मते या विषयात 'मोठे विचार' मांडलेल्या निम्म्या पुस्तकांपेक्षा ते जास्त टिकेल.

नोकरीचं आता. खरं सांगायचं तर वाईट आहे, आणि माझ्या वेळेलाही फार चांगलं नव्हतं. पीएचडीनंतर मी सात वर्षांत चार शहरं बदलली, त्यातली दोन कॉन्ट्रॅक्टं तर दहा-दहा महिन्यांची, उन्हाळ्याचा पगारच नाही. एका ठिकाणी तोंडी कबूल केलेली मुदतवाढ जूनमध्ये रद्द झाली आणि मी पुस्तकांची खोकी मित्राच्या गॅरेजमध्ये ठेवून सहा महिने ए-लेव्हलच्या, म्हणजे तिकडच्या बारावीच्या, मुलांच्या शिकवण्या केल्या. ब्रिटनमध्ये त्यातल्या त्यात बरं काय असेल तर तीन वर्षांच्या फेलोशिप, ब्रिटिश अकॅडमीची, लेव्हरह्यूमची, ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांच्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिप. त्या मिळाल्या तर प्रबंधाचं पुस्तक करायला श्वास मिळतो. पण एकेका जागेला अर्ज इतके असतात की चांगल्या माणसांनाही नकार येतो, तेव्हा नकार म्हणजे आपली लायकी असं मनाला लावून घेऊ नका. विभागही बंद होतायत, अमेरिकेत हॉवर्ड युनिव्हर्सिटीने २०२१ मध्ये आपला क्लासिक्सचा, म्हणजे ग्रीक-लॅटिनचा, विभाग बरखास्त केला. त्यामुळे पीएचडीला पूर्ण स्कॉलरशिप नसेल तर कर्ज काढून करू नका, हे मी माझ्या स्वतःच्या विद्यार्थ्यांनाही तोंडावर सांगायचो आणि दोघं-तिघं माझ्यावर रागावून गेले.

कायम नोकरी लागते ती शिकवायला, संशोधनाला नाही, हेही आधी माहीत असू द्या. टर्म चालू असताना आठवड्याला आठ-दहा तास प्रत्यक्ष शिकवणं, त्याची तयारी, निबंध तपासणं, कमिट्या, अ‍ॅडमिशनचे दिवस. आणि तुमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांना ग्रीक येणार नाही, ती भाषांतरातून हेरोडोटससारखा ग्रीक इतिहासकार वाचणार. पहिली दोन वर्षं मला याचा कमीपणा वाटायचा. मग एकदा एका मुलीने विचारलं की भाषांतरात तीन ठिकाणी 'स्वातंत्र्य' आलंय ते तिन्ही ठिकाणी एकच शब्द आहे का, आणि तो नव्हता, आणि तिथून माझा एक लेख निघाला. लिहायचं ते पहाटे आणि उन्हाळ्यात. सरकार दर सहा-सात वर्षांनी सगळ्या विभागांच्या संशोधनाचं मूल्यमापन करतं, २०१४ ला झालं, २०२१ ला झालं, त्याच्या आधीच्या दोन वर्षांत सगळे सहकारी एकदम चिडचिडे होतात.

लेख पाठवला की दोन अनोळखी परीक्षक वाचतात, चार महिन्यांनी उत्तर येतं, कधी अकरा. माझा पहिला लेख दोनदा परत आला, दुसऱ्यांदा एका ओळीच्या शेऱ्यासह की लेखकाने दगड पाहिलेला दिसत नाही. नव्हताच पाहिला.

सरळ रेषेत जाणारी करिअरं फार थोडी असतात, हे सांगायला प्राचीन इतिहासकार मोझेस फिन्लींचं उदाहरण देतो. १९१२ ला न्यूयॉर्कमध्ये जन्म, पंधराव्या वर्षी बी.ए., मग एम.ए. कशात तर सार्वजनिक कायद्यात. प्राचीन इतिहासाकडे ते कडेकडेने आले आणि पीएचडी मिळाली तेव्हा वय अडतीस. पुस्तक कशावर? होरोईंवर, म्हणजे अथेन्सच्या शेतांवर रोवलेले दगड, ज्यांवर लिहिलेलं असायचं की ही जमीन अमक्याकडे एवढ्या पैशांना गहाण आहे. दीडशेहून जास्त असे खरखरीत, दोन-दोन ओळींचे दगड, ज्यांच्याकडे वाङ्मयवाले ढुंकून बघत नव्हते. फिन्लींनी त्यातून दाखवलं की ही कर्जं गरीब शेतकऱ्यांची नाहीत, पैसेवाल्यांनी पैसेवाल्यांकडून घेतलेली आहेत, आणि धंदा वाढवायला नाही तर हुंड्याला, मानपानाला, अडीअडचणीला. प्राचीन अर्थव्यवस्था आजच्यासारखी नव्हती हा त्यांचा पुढचा मोठा सिद्धांत, १९७३ च्या पुस्तकातला, त्याचं बी या दगडांत आहे. तो सिद्धांत मला पूर्ण पटत नाही, नाणेतपासनिसाचा तो कायदा वाचा म्हणजे बाजार किती गजबजलेला होता ते कळेल, पण प्रश्न त्यांनी बदलून टाकला एवढं खरं.

आणि १९५२ साली फिन्ली नोकरीवरून गेले. अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे, तुम्ही कम्युनिस्ट होता का या प्रश्नाला त्यांनी उत्तर द्यायला नकार दिला आणि रटगर्स युनिव्हर्सिटीने त्यांना काढलं. चाळीस वर्षांचा माणूस, हातात नोकरी नाही. ते इंग्लंडला आले, १९५५ मध्ये केंब्रिजला लेक्चरर, १९७० मध्ये प्रोफेसर, १९७९ मध्ये सर. इटलीचे प्राचीन इतिहासकार अर्नाल्दो मोमिग्लियानो यांचं तसंच, १९३६ मध्ये तुरीनला प्रोफेसर झाले आणि १९३८ च्या वंशकायद्यांमुळे ज्यू म्हणून काढले गेले, पुढे लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात १९५१ ते १९७५. जर्मनीतले फेलिक्स याकोबी, ज्यांनी हरवलेल्या ८५६ ग्रीक इतिहासकारांचे तुकडे गोळा करायचं अचाट काम १९२३ पासून छापायला घेतलं, ते १९३९ मध्ये ऑक्सफर्डला आले आणि तिथेही तेच करत बसले. विसाव्या शतकात हा विषय बराचसा अशा हाकललेल्या माणसांनी उभा केलाय. जॉर्ज ग्रोट यांच्यासारखं मात्र आता होणार नाही, ते बँकर होते, युनिव्हर्सिटीची पायरी चढले नव्हते आणि १८४६ ते १८५६ मध्ये ग्रीसचा इतिहास बारा खंडांत लिहून मोकळे झाले. आज नुसतं वाचन दांडगं आहे म्हणून कोणी दार उघडत नाही.

तुम्ही विचारलं होतं की आत्ता, या महिन्यात काय करू. लिपी एका आठवड्यात शिका. एखादं चांगलं व्याकरणाचं पुस्तक घ्या, एकच घ्या, तीन नको. हेरोडोटस आणि थ्युसिडिडीज भाषांतरात पूर्ण वाचा, निवडक उतारे नाही. अथेन्सचे शिलालेख इंग्रजी भाषांतरासकट इंटरनेटवर फुकट आहेत, त्यातला रोज एक वाचा आणि चौकोनी कंस कुठे आहेत ते आधी बघा. वर्षभराने अजूनही मजा येत असेल तर अर्ज करा. कंटाळा आला तरी काही बिघडलं नाही, वाचलेला थ्युसिडिडीज कुठे जात नाही.

ग्रीसला कधी जाऊ हेही विचारलंय. हिवाळ्यात जा, ऊन तिरकं पडतं आणि उघड्यावरच्या दगडांची अक्षरं सकाळी नऊच्या सुमाराला अशी उठून दिसतात की ऑगस्टमध्ये त्याच जागी उभं राहून काही दिसणार नाही. म्युझियममध्ये ऊन नाही, तिथे छोटा टॉर्च लागतो, आधी विचारून घ्या, आणि तो समोरून न मारता बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून धरा. एगेस्ताचा दगड सापडला तर ते झिजलेलं नाव स्वतः वाचून बघा. मी चार वेळा पाहिलंय आणि नुसत्या डोळ्यांनी मला 'ओन'च्या आधी काहीही दिसलेलं नाही.